खाजणांतील कार्बन : रोपे मोजावीत की चिखल?

गाळवाचक :

हवामानबदलाच्या चर्चेत किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांचा विषय निघाला, की पुढचे वाक्य बहुतेक वेळा रोपांच्या संख्येचे असते. अमुक लाख रोपे लावली, तमुक हेक्टर खारफुटी उभी केली, आणि त्या संख्येला कुठल्याशा गुणकाने गुणून इतका कार्बन शोषला जाईल, असे सांगितले जाते. हा हिशेब चुकीच्या टोकाने सुरू होतो असे माझे मत आहे. ते तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. 'नील कार्बन', म्हणजे किनारी व सागरी वनस्पतींच्या अधिवासांत साठणारा कार्बन, ही संज्ञा २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या अहवालामुळे रूढ झाली. तीत प्रामुख्याने तीन अधिवास धरले जातात : उष्ण प्रदेशांतील खारफुटी, समशीतोष्ण प्रदेशांत अधिक आढळणाऱ्या खाऱ्या गवताळ दलदली, आणि उथळ पाण्याखाली पसरलेली सागरी गवताची कुरणे. यांपैकी पहिल्या दोहोंना मी सोयीसाठी 'खाजण' म्हणणार आहे. शब्दाची ही थोडी ओढाताण आहे, ती सदस्यांनी चालवून घ्यावी.

आता मुद्द्याकडे वळतो. हिंदी व प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील २५ खारफुटी वनांची मोजणी करणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि त्यातला ४९ ते ९८ टक्के वाटा मुळांखालच्या जमिनीत होता. म्हणजे छायाचित्रात जे दिसते, ती हिरवी छत्री, ते आधाराच्या मुळांचे जाळे, ती पुष्कळ ठिकाणी साठ्याची किरकोळ बाजू असते. खरी तिजोरी त्या काळ्या, पाय रुतवणाऱ्या चिखलात असते, आणि ती भरायला शतके, कित्येकदा सहस्रके लागलेली असतात.

चिखलात कार्बन टिकतो कसा, याचे कारण वरवर पाहता साधे आहे. कोरड्या जमिनीवर पडलेले पान सूक्ष्मजीव ऑक्सिजनच्या साहाय्याने कुजवतात आणि त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परततो. भरतीच्या पाण्याने सतत भिजलेल्या बारीक गाळात मात्र ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली कुजण्याची क्रिया थांबत नाही, पण अतिशय मंदावते. त्यातच खारफुटीची मुळे आणि गवताची पाती पाण्याचा वेग अडवतात, त्यामुळे प्रत्येक भरतीबरोबर आलेला गाळ तिथे बसतो आणि कालच्या पानावर आजचा थर चढतो. जंगलातल्या मातीला वर वाढायला जागा नसते, खाजणाला ती मिळते, कारण समुद्र हळूहळू चढत असेल तर खाजणही त्याच्यासोबत चढते आणि खालचा साठा दरवर्षी थोडा जाड होतो. जमिनीवरच्या वनात आणि खाजणात हा मूलभूत फरक आहे.

साठवणीच्या दराचे आकडेही २०११ सालच्याच एका आढाव्यात एकत्र केलेले आहेत आणि आजही तेच सर्वाधिक उद्धृत होतात. दर चौरस मीटरला दर वर्षी खारफुटीत सुमारे २२६ ग्रॅम, खाऱ्या दलदलीत २१८ ग्रॅम आणि सागरी गवतात १३८ ग्रॅम कार्बन गाडला जातो. त्याच आढाव्यात जमिनीवरील वनांच्या मातीसाठी ४ ते ५ ग्रॅम हा आकडा दिलेला आहे.

या चित्राची दुसरी बाजू अशी, की जे पाण्यामुळे टिकले ते पाणी काढले की टिकत नाही. बांध घालून खाजण कोरडे केले किंवा कोळंबीच्या तलावांसाठी तळ खणून काढला, की शतकांच्या साठ्याला ऑक्सिजन मिळतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण खाऱ्या पाण्याचे नाही, तरी क्रिया तीच असल्यामुळे ते देतो. इंग्लंडच्या पूर्व भागातील दलदली निचरा करून शेतीखाली आणल्या गेल्या, तेव्हा होल्म येथे एक लोखंडी खांब १८५१ साली जमिनीशी समपातळीत गाडण्यात आला. आज तो सुमारे ४ मीटर उघडा पडलेला आहे. खांब जागचा हललेला नाही, भोवतालची जमीन खाली गेली. काही अंशी ती दबली, पण पुष्कळशी अक्षरशः हवेत गेली.

म्हणून माझे म्हणणे असे, की किनारी पाणथळ जागांविषयीच्या कोणत्याही योजनेत पहिला प्रश्न 'जुना चिखल ओला आणि अखंड राहिला का' हा असावा, आणि रोपांचा प्रश्न पुष्कळ नंतर यावा. जाणकारांनी दुरुस्त्या सुचवाव्यात.

शंकेखोर :

लेख आवडला, परंतु एक शंका लगेच उपस्थित होते. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात मिथेन तयार होतो, हे शालेय पुस्तकातही असते. भातशेती आणि गोड्या पाण्याच्या दलदली हे मिथेनचे मोठे स्रोत मानले जातात. मग खाजणालाच सूट कशी मिळते? शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० टनांएवढा आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० टनांएवढा तापदायक धरतात. थोडासा मिथेनही सगळी कमाई बुडवू शकेल.

क्षारमान :

शंका रास्त आहे. तिचे उत्तर समुद्राच्या पाण्यातील सल्फेटमध्ये आहे.

ऑक्सिजन संपल्यावर सूक्ष्मजीवांना श्वसनासाठी दुसरा कोणतातरी पदार्थ लागतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असते, आणि ते वापरणारे जीवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांपेक्षा ऊर्जेच्या दृष्टीने अधिक फायद्यात असतात. दोघांचे अन्न बरेचसे एकच असल्यामुळे सल्फेट असेपर्यंत पहिला गट दुसऱ्याला उपाशी ठेवतो. खाजणात पाय ठेवताच सडलेल्या अंड्यासारखा जो वास येतो, तो या सल्फेटवापरातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मिथेनला वासच नसतो. तेव्हा खाजणाच्या दुर्गंधीला नाके मुरडणाऱ्यांनी ती एका अर्थी चांगली खूण समजावी.

मात्र ही सूट सरसकट नाही. खाऱ्या दलदलींच्या मोजमापांवरून असे दिसते, की पाण्याची क्षारता दर हजारी १८ भागांच्या वर असेल तर मिथेनचे उत्सर्जन बरेच कमी असते. त्याखाली ते वाढते आणि ठिकाणागणिक फार बदलते. समुद्राची क्षारता साधारण ३५ असते, म्हणजे नदीमुखाकडून आत शिरत गेल्यास ही सीमा केव्हातरी ओलांडली जाते. शिवाय काही मिथेनजनक सूक्ष्मजीव असे अन्न वापरतात, ज्यासाठी सल्फेटवाल्यांशी स्पर्धा होत नाही, त्यामुळे पुरेशा खाऱ्या चिखलातूनही थोडा मिथेन निघतोच. खारफुटीवरील २०१८ सालच्या एका अभ्यासाने वीस वर्षांच्या मोजपट्टीवर मिथेनमुळे गाडलेल्या कार्बनच्या फायद्यातील सुमारे २० टक्के भाग वजा होऊ शकतो असे दाखवले. वजाबाकी मोठी आहे, पण कमाई बुडत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट व्यवहारात महत्त्वाची आहे. रस्त्याचा भराव, अरुंद मोरी किंवा बांधातील एकेरी झडप यांमुळे भरतीचे पाणी अडले आणि आत पावसाचे गोडे पाणी साचत राहिले, तर सल्फेटचा पुरवठा तुटतो आणि तीच जागा मिथेनचा स्रोत बनते. अशा ठिकाणी अडथळा काढून भरतीला वाट करून देणे हा उत्सर्जन थांबवण्याचा विलक्षण सोपा मार्ग आहे. त्यात एकही रोप लावावे लागत नाही आणि परिणामही लवकर मिळतो. मूळ लेखात हा मुद्दा यायला हवा होता.

त्रैराशिक :

चर्चा चांगली चालली आहे, तरी प्रमाणाचे भान राहावे म्हणून थोडी आकडेमोड करतो.

जगातील खारफुटीचे क्षेत्र सुमारे १,४७,००० चौरस किलोमीटर आहे. वर दिलेला २२६ ग्रॅमचा दर सगळीकडे लागू धरला, तर वर्षाला सुमारे ३.३ कोटी टन कार्बन गाडला जातो. कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करण्यासाठी ३.६७ ने गुणावे लागते, म्हणून हे सुमारे १२ कोटी टन झाले. मानवजात जीवाश्म इंधनांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे जगातली सगळी खारफुटी मिळून आपल्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा गाडते. सोप्या भाषेत, वर्षभरात आपण जे सोडतो त्यातले एका दिवसाच्या आसपासचे.

आंतरशासकीय हवामानबदल मंचाच्या २०१९ सालच्या महासागरविषयक अहवालातही हाच सूर आहे. किनारी वनस्पतींच्या अधिवासांचे पुनरुज्जीवन केल्यास वर्षाला जागतिक उत्सर्जनाच्या सुमारे ०.५ टक्का एवढा हातभार लागू शकेल, असे तो म्हणतो.

आता साठ्याकडे पाहू. खारफुटीखालच्या वरच्या एक मीटर मातीत जगभर किती कार्बन आहे, याचे २०१७ सालचे एक अनुमान २६० कोटी टन आहे आणि २०१८ सालचे दुसरे ६४० कोटी टन. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन गंभीर अभ्यासांत अडीचपट तफावत आहे, ही गोष्टच बोलकी आहे. यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी तो एकूण साठा आपल्या सध्याच्या तीन ते आठ महिन्यांच्या उत्सर्जनाएवढा भरतो. एक मीटरखालचे थर यात धरलेले नाहीत, हे मान्य. तरीही खाजणे पृथ्वीला वाचवतील अशा थाटाची वाक्ये या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

मात्र धागालेखकांच्या बाजूने एक हिशेब असा मांडता येतो. हेक्टरी १,०२३ टनांचा साठा आणि हेक्टरी वर्षाला २.२६ टनांचा दर हे दोन्ही आकडे बरोबर धरले, तर एक हेक्टर खाजण उद्ध्वस्त होऊन त्याचा साठा पूर्ण गेल्यास तो परत भरायला सुमारे साडेचारशे वर्षे लागतील. प्रत्यक्षात सगळा साठा जात नाही आणि झाडांतला भाग लवकर भरतो, पण अर्धा गेला तरी दोन शतकांहून अधिक काळ होतोच. 'तोडलेल्या एका हेक्टराच्या बदल्यात दोन हेक्टर लावू' या भरपाईच्या सूत्राचे काय करायचे, ते वाचकांनी ठरवावे.

गाळवाचक :

त्रैराशिक, आपला हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे. साडेचारशे वर्षांची ही तुलना मला सुचली नव्हती, आणि माझ्या संपूर्ण लेखापेक्षा ती अधिक काम करते. खाजणे पृथ्वीला वाचवतील असे मी म्हटलेले नाही, परंतु तसा ग्रह होऊ शकेल इतके उत्साहाने लिहिले गेले खरे. क्षारमान यांची मोरीविषयीची सूचनाही मान्य.

मृदावेध :

मी काही वर्षे गाळाचे नमुने काढण्याचे काम केलेले आहे, म्हणून मोजमापाच्या बाजूने लिहितो. एक पोकळ नळी चिखलात उभी दाबायची, ती अखंड बाहेर काढायची, तिचे एकेक-दोनदोन सेंटिमीटरांचे काप करायचे, प्रत्येक काप वाळवून वजन करायचे आणि त्यातील सेंद्रिय कार्बन मोजायचा, अशी सर्वसाधारण पद्धत असते. ऐकायला ती सरळ वाटते, पण नळी दाबताना चिखल आत चेपला जातो, आणि किती चेपला याची नोंद ठेवली नाही तर पुढची सगळी गणिते बिघडतात. नवशिक्यांचे बहुतेक नमुने याच कारणाने फुकट जातात. माझेही गेले आहेत.

दर काढायचा तर थरांचे वय लागते. त्यासाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे असल्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचे थर त्याने वाचता येतात. अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ चे शिखर १९६३ च्या आसपासच्या थरात सापडले, तर त्याचा ताळा पाहता येतो. इथे पहिली मेख आहे. वरच्या थरांत जो कार्बन दिसतो, तो सगळा टिकणार नसतो. त्यातला सहज कुजणारा भाग पुढच्या दशकांत जाणारच असतो. म्हणून उथळ नमुन्यावरून काढलेला दर खऱ्या दीर्घकालीन दरापेक्षा फुगलेला येतो. खेकड्यांनी थर उकरून खालीवर केले असतील तर वयाचे वाचनही चुकते.

दुसरी मेख अशी, की गाळात सापडलेला कार्बन त्याच जागेच्या वनस्पतींनी हवेतून घेतलेला असेलच असे नाही. नदीने वरच्या डोंगरातून आणलेली माती, समुद्रातले सूक्ष्म शैवाल, शेजारच्या वनातली पाने, हे सगळे तिथे येऊन बसते. सागरी गवताच्या कुरणांविषयी २०१० साली झालेल्या एका जागतिक संकलनात गाळातल्या सेंद्रिय कार्बनचा साधारण निम्माच भाग त्या गवताचा स्वतःचा निघाला. बाहेरून आलेला कार्बन इथे थांबला नसता तर कुजून हवेत गेला असता, की खोल समुद्रात जाऊन तिथेही गाडलाच गेला असता, यावर त्याचे श्रेय अवलंबून असते, आणि हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. सागरी गवतात आणखी एक गुंता आहे. तिथे शिंपले व चुनखडी तयार करणारे इतर जीव पुष्कळ असतात, आणि चुना घडताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो न वजा करता काढलेला नफा अर्धवट असतो.

शेवटी, मूळ लेखातील २२६ विरुद्ध ४-५ ग्रॅम या तुलनेबद्दल. तिच्यावरून 'खारफुटी वनांपेक्षा पन्नासपट कार्बन शोषते' असे वाक्य सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. ४-५ ग्रॅम हा वनांच्या मातीत दीर्घकाळासाठी गाडल्या जाणाऱ्या कार्बनचा दर आहे. वाढत्या वनाच्या लाकडात दरवर्षी साठणारा कार्बन त्याच्या कितीतरी पट असतो आणि तो या आकड्यात धरलेलाच नाही. धागालेखकांनी 'मातीसाठी' हा शब्द वापरला आहे, एवढे त्यांच्या बाजूने सांगतो.

शंकेखोर :

मृदावेध यांचे वाचून प्रश्न पडतो, की मोजमाप इतके डळमळीत असेल तर यावर कार्बनचे श्रेयपत्र, म्हणजे टाळलेल्या वा शोषलेल्या उत्सर्जनाचा इतरांना विकता येणारा दाखला, विकायला परवानगी कशी मिळते?

मृदावेध :

दर डळमळीत असतो, साठा तुलनेने खात्रीचा असतो. एका ठिकाणी आज जमिनीत किती कार्बन आहे, हे पुरेसे नमुने घेतल्यास समाधानकारक अचूकतेने सांगता येते, आणि ते पुढे जाऊ दिले नाही हेही पुन्हा मोजून दाखवता येते. 'पुढच्या तीस वर्षांत इतका नवा कार्बन गाडला जाईल' हे सांगणे अवघड आहे. देशांच्या अधिकृत उत्सर्जन-यादीत किनारी पाणथळ जागा कशा धराव्यात, याचे मार्गदर्शन आंतरशासकीय मंचाने २०१३ साली स्वतंत्र पुरवणी काढून दिले आहे. जिथे स्थानिक मोजमाप नसेल तिथे त्यातील सर्वसाधारण गुणक वापरले जातात, आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो.

भरतीरेषा :

समुद्रपातळीविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. धागालेखक म्हणतात की समुद्र हळूहळू चढत असेल तर खाजण त्याच्यासोबत चढते. यातला 'हळूहळू' हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

जागतिक सरासरी समुद्रपातळी विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटरने वाढत होती. २००६ ते २०१८ या काळात तो वेग ३.७ मिलिमीटर झाला. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र झपाट्याने चढत होता त्या काळातील खारफुटीच्या जुन्या गाळांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले, की वाढीचा वेग वर्षाला ६ ते ७ मिलिमीटरांच्या पुढे असताना खारफुटीला स्वतःची जमीन त्या वेगाने उचलून धरणे बहुतांशी जमलेले नाही. उत्सर्जन फारसे घटले नाही, तर हा वेग याच शतकात गाठला जाण्याची शक्यता आहे. जिथे भूजल उपशामुळे जमीनही खचत आहे किंवा धरणांमुळे नदीचा गाळ कमी झाला आहे, तिथे ही सीमा आणखी आधी येईल.

अशा वेळी खाजणाला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जमिनीकडे सरकणे. पण पाठीमागे भिंत, रस्ता किंवा वस्ती असेल तर सरकायला जागा नसते आणि ते समुद्र व भिंत यांच्यामध्ये चिरडले जाते. त्यामुळे एखाद्या खाजणाच्या कार्बनचे शंभर वर्षांनंतरचे भवितव्य त्याच्या मागच्या जमिनीच्या मालकीवर ठरते, आणि ती जमीन संरक्षित क्षेत्राच्या नकाशात बहुधा नसते.

शिवाय संकट हळूच येईल असेही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात २०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्री उष्णतेची लाट आली. तिथल्या सागरी गवताच्या कुरणांपैकी सुमारे ३६ टक्के क्षेत्राला हानी पोचली, आणि पुढच्या तीन वर्षांत २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा असा अंदाज आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात २०१५ च्या अखेरीस हजार किलोमीटर किनाऱ्यावरची सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी वाळून गेली. तिथे तर समुद्र चढला नव्हता, उलट एल निनोच्या प्रभावाने तात्पुरता सुमारे ४० सेंटिमीटर खाली गेला होता, आणि मुळांना पाणीच मिळाले नाही. दोन्ही ठिकाणी ना कुणी बांध घातला होता, ना कुऱ्हाड चालवली होती.

पाणवाट :

रोपांच्या विषयाकडे परत येतो, कारण धागालेखकांनी तो छेडला पण उदाहरणे दिली नाहीत.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत खारफुटी लावण्याची मोठी लाट आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १,००० ते १,२०० हेक्टरांवर लागवड झाली, त्यातली जेमतेम २०० ते २२० हेक्टर यशस्वी ठरली. पाहिलेल्या २३ ठिकाणांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. फिलिपाइन्समध्ये अनेक दशकांच्या लागवडीनंतर जगण्याचे प्रमाण १० ते २० टक्के निघाले, आणि कारणही स्पष्ट होते. राइझोफोरा या खारफुटीच्या प्रजातीची रोपे गोळा करायला आणि रोवायला सोपी, म्हणून तीच लावली गेली, आणि ती जिथे जमिनीचा वाद नाही अशा जागी लावली गेली. वाद नसलेली जागा म्हणजे समुद्राकडचे उघडे चिखलपाट आणि सागरी गवताची कुरणे. तिथे दिवसातले फार तास पाणी असते, म्हणूनच तिथे आधी खारफुटी उगवलेली नव्हती. म्हणजे कित्येक ठिकाणी कार्बनचा एक साठा बिघडवून त्यावर दुसरा न जगणारा साठा रोवला गेला.

फ्लोरिडात काम केलेले परिसंस्थातज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी याच्या उलट पद्धत आयुष्यभर मांडली. जवळच्या निरोगी खारफुटीत जमिनीची उंची किती आहे आणि तिथे भरतीचे पाणी किती वेळा, किती तास येते, हे आधी मोजायचे. बिघडलेल्या जागेत तेवढीच उंची आणि तेवढेच पाणी जमवून आणायचे, म्हणजे भराव काढायचा, पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या. मग बिया भरतीबरोबर आपण होऊन येतात आणि ज्या जातीला जिथे जमेल तिथे ती रुजते. आसपास बीज देणारी झाडेच नसतील, तरच रोपे लावायची. ही पद्धत लोकप्रिय का होत नाही, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. मोकळ्या केलेल्या मोरीशेजारी उभे राहून कोणी छायाचित्र काढत नाही.

लागवड मुळीच यशस्वी होत नाही असे मात्र नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांतून १९३० च्या दशकात रोग आणि वादळ यांमुळे सागरी गवत नाहीसे झाले होते. १९९९ पासून तिथे सुमारे २०० हेक्टरांत मिळून ७ कोटींहून अधिक बिया पेरण्यात आल्या, आणि पुढच्या वीस वर्षांत ते गवत आपले आपण ३,६०० हेक्टरांवर पसरले. तिथे पाणी आधीच स्वच्छ होते, उणीव फक्त बियांची होती. रोगाचे निदान बरोबर होते, म्हणून औषध लागू पडले.

शंकेखोर :

श्रेयपत्रांचा माझा प्रश्न अर्धवट राहिला. यातून गावांना काही मिळते का, की कंपन्यांना धूर सोडायचा परवाना तेवढा मिळतो?

पाणवाट :

दोन्ही घडते. केनियातील गाझी उपसागरातला मिकोको पामोजा हा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. ११७ हेक्टर खारफुटीचे रक्षण करून वर्षाला सुमारे ३,००० टन कार्बन डायऑक्साइडएवढी श्रेयपत्रे विकली जातात, आणि पैसा गावाच्या पाणीपुरवठ्यावर व शाळांवर खर्च होतो. लहान, स्थानिक लोकांच्या हातातला आणि मोजता येण्याजोगा असा तो प्रकल्प आहे. मोठ्या प्रकल्पांत मात्र तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रकल्प नसता तर ते खाजण खरोखर तुटले असते का? इथे तोड थांबल्यावर ती शेजारच्या खाडीत सरकली का? आणि भरतीरेषा यांनी वर्णन केलेली उष्णतेची लाट उद्या आली, तर विकून झालेल्या टनांची जबाबदारी कोणाची? तिसऱ्या प्रश्नासाठी काही श्रेयपत्रे राखीव ठेवण्याची पद्धत आहे, परंतु जीवाश्म इंधनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतके राहतो आणि प्रकल्पाचा करार काही दशकांचा असतो. हे दोन काळ एकाच तराजूत तोलता येतात, असे मला वाटत नाही.

वेलांटी :

समुद्रातील मोठ्या शैवालांना, केल्पसारख्या, नील कार्बनच्या यादीत का घेत नाहीत? त्यांची वाढ तर फार वेगाने होते.

मृदावेध :

ती खडकाला धरून वाढतात. त्यांना मुळे नसतात आणि खाली साठवायला गाळही नसतो. त्यांचा काही अंश तुटून खोल समुद्रात जातो व तिथे टिकतो, परंतु तो कोणत्या खडकावरून आला आणि किती टिकला, हे माग काढून सिद्ध करणे फार कठीण असते. म्हणून सध्याच्या हिशेबांत त्यांना सहसा स्थान मिळत नाही.

शंकेखोर :

शेवटचा प्रश्न. कोळंबीचे तलाव काही वर्षांत सोडून दिले जातात असे वाचले आहे. अशा पडीक तलावाचा बांध फोडून भरती आत घेतली, तर गेलेला कार्बन परत येतो का?

क्षारमान :

गेलेला परत येत नाही. जो अजून जायचा आहे तो थांबतो, आणि पुष्कळदा तोच मोठा लाभ असतो. तळ खणल्यावर उघडे पडलेले थर वर्षानुवर्षे ऑक्सिजन घेत राहतात, ते पाण्याखाली गेले की उत्सर्जनाचा तो झरा आटतो.

पण बांध फोडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाजणाच्या चिखलात सल्फाइडचा काही भाग लोहाशी जुळून पायराइटच्या रूपात असतो. हवा लागली की त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. तलाव सोडून दिले जाण्याचे हेही एक कारण असते, आणि एकदम पाणी सोडल्यास ते आम्ल व त्यात विरघळलेले धातू खाडीत उतरून मासे मरू शकतात. दुसरे असे, की तलावाचा तळ खणलेला आणि खचलेला असतो, त्यामुळे तो आता खारफुटीला हव्या असलेल्या उंचीच्या खाली असतो. तिथे रोपे लावली तर ती बुडून मरतील. बांधाला ठरावीक जागी खिंडारे पाडून, जुन्या नाल्यांच्या वाटा शोधून, गाळ आत येऊ द्यायचा आणि तळ वर येईपर्यंत थांबायचे. पाण्यात गाळ भरपूर असेल तर हे काही वर्षांत होते, नसेल तर दशके लागतात. तोवर तिथे फक्त ओला चिखल दिसेल.